आंबोलीत यादी न घेता फिरायचं तर कॅमेरा आणि नजर कशी तयार ठेवावी?

पाणपोई

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात तीन दिवस आंबोलीला जायचं ठरलंय. सामान साधंच: कॅनन २००डी कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० या दोन झूम लेन्स, एक छोटा मॅन्युअल फ्लॅश आणि लेन्सपुढे लावायचं रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे क्लोजअपचं भिंग.

दरवेळची पद्धत अशी की यादी घेऊन जायचं. मलबार ग्लायडिंग फ्रॉग, चापडा साप, आंबोली टोड, कावळेसादचं धुकं. यादीतलं बरंचसं मिळतंही, पण एकाच फांदीवरच्या एकाच बेडकाभोवती आठ कॅमेरे, आणि आठही फोटो सारखे. या वेळी यादी घरी ठेवून जे समोर येईल ते बघायचंय. तसं फिरायला गेलं की दोन घोटाळे होतात. एक तर तासभर चालूनही काही दिसत नाही. आणि दिसलंच, तर कॅमेरा भलत्याच सेटिंगवर असतो आणि ते सुधारेपर्यंत समोरचं गायब.

तर (१) या कॅमेऱ्याला सी१-सी२ सारखे (आपली सेटिंग साठवून ठेवायचे) कस्टम मोड नाहीत, मग तो कायम तयार कसा ठेवावा? (२) नजरेची काही शिस्त असते का, की सगळा नशिबाचा भाग? (३) आंबोलीच्या पावसात हे सगळं कोरडं कसं राहील?

---

भिंगवाला

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

कस्टम मोड नसले तरी डायलवरचे टीव्ही आणि एम एवढे दोन पुरतात. टीव्ही (शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा) म्हणजे अचानक समोर येणाऱ्या गोष्टींसाठी, एम (सगळं आपण ठरवायचं) म्हणजे फ्लॅश आणि भिंगासाठी. दोन शॉटच्या मध्ये, म्हणजे चालताना, कॅमेरा नेहमी टीव्हीवरच हवा. एमवर काम झालं की लगेच डायल मागे. ही सवय हाताला लागली की अर्धं काम झालं.

टीव्हीत शटर किती ठेवायचं ते उजेडावर. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, कमाल मर्यादा ६४००. उघड्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) ढगाळ दुपारी १/५०० आणि एफ/५.६ ला आयएसओ ४०० च्या आसपास राहतो, म्हणजे बिनघोर. तोच आकडा घेऊन दाट झाडीत शिरलात की आयएसओ थेट ६००० च्या घरात जातो. म्हणून झाडीत शिरतानाच १/२५० करा. लेन्सच्या आयएसमुळे हाताची थरथर सांभाळली जाते. उडता पक्षी त्यात हलका धूसर येईल, पण पावसाळ्यात झाडीत बहुतेक प्राणी बसलेले असतात, उडणारे थोडे. धुक्यात मीटर फसतो आणि पांढऱ्याचा राखाडी करतो. तिथे एक्सपोजरची भरपाई +२/३ ते +१.

एमवर पाया असा: १/२००, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश १/८ पॉवरपासून सुरू. यात मागचा भाग ठार काळा येतो, कारण झाडीतला उजेड या सेटिंगच्या पाच-साडेपाच स्टॉप खाली असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). आठही फोटो सारखे येण्याचं एक कारण हा काळा पडदा. बेडूक रात्री काढला की दुपारी, कळतच नाही. जंगल मागे दिसायला हवं असेल तर १/६०, एफ/८, आयएसओ ८०० करून बघा. मागचा भाग एकच स्टॉप काळोखा राहतो आणि समोरचा जीव फ्लॅशनेच उजळतो. आयएसओ आणि ॲपर्चर दोन्ही मोकळे केल्यामुळे फ्लॅशची पॉवर साधारण तीन स्टॉप खाली आणावी लागेल, म्हणजे १/८ चा १/६४. नाहीतर बेडूक पांढराफटक. इथे वाऱ्याने पान हललं तर कडेला भुतासारखी दुसरी रेघ येते, तेव्हा वाऱ्यात १/१२५ वर या.

आता खरी गोम. आयएसओ दोन्ही मोडना एकच असतो. टीव्हीत ऑटो ठेवलात तर एमवर आल्यावरही तो ऑटोच राहतो आणि मॅन्युअल फ्लॅशबरोबर प्रत्येक फ्रेम वेगळी उजळते. डायल फिरवताना आयएसओचं बटणही दाबायचं, हे दोन हातांचं एकच काम समजा. फ्लॅश कायम चढवलेला ठेवा पण बंद. बॅगेतून काढून कॅमेऱ्यावरच्या हॉट-शूवर बसवेपर्यंत कुठलाच बेडूक थांबत नाही.

फोकस शटर बटणावरून काढून तारा-चिन्हाच्या बटणावर न्या (कस्टम फंक्शनमध्ये मिळेल) आणि एआय सर्वो लावा. अंगठा दाबून धरला की फोकस पाठलाग करतो, सोडला की थांबतो. म्हणजे बसलेल्यासाठी आणि पळणाऱ्यासाठी वेगळा मोड लागत नाही. व्ह्यूफाइंडरमधल्या नऊ बिंदूंपैकी मधलाच वापरा, कमी उजेडात तोच भरवशाचा.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. चालताना झूम ५५ वर आणि फोकस चार-पाच मीटरवर सोडून ठेवा. ५५ वर चौकट मोठी असते, जीव लगेच सापडतो, मग झूम. २५० वर ठेवून डोळा लावला की नुसती हिरवी धूसर पानं दिसतात आणि लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फोकस शोधत फिरते. तेवढ्यात पाखरू गेलेलं असतं.

डीसीआर-२५० बद्दल थोडं. लेन्स अनंतावर ठेवली तर विषयापासून भिंग साधारण ११-१२ सेमीवर येतं, आणि झूम हाच तुमचा मोठेपणाचा खटका: ६० च्या आसपास अर्धी पट, १२५ ला एकास एक, २५० ला दुप्पट. फोकसची खोली एफ/११ ला अर्ध्या पटीत दीड मिमीच्या आसपास असते. दुपटीत मिमीचा दहावा भाग. हातात धरून २५० ला जाऊच नका. ७० ते १३० मध्ये राहा. ५५ ला कोपरे काळे पडले तर थोडं पुढे झूम करा. ऑटोफोकस बंद, फोकस म्हणजे स्वतः पुढेमागे डुलणं.

---

एफ_आठ

माझं मत जरा उलटं. ५५-२५० खोलीवर ठेवा, १८-५५ एकच लावून एक अख्खा दिवस फिरा.

लांब लेन्स हातात असली की माणूस लांबचं शोधतो, आणि यादी नसली तरी डोक्यात एक यादी तयार होतेच: पक्षी, साप, बेडूक. १८-५५ जवळपास पाव मीटरवर फोकस होते. १८ ला तुम्ही शेवाळलेल्या दगडाला नाक लावून मागचं अख्खं धुकट जंगल चौकटीत घेऊ शकता. २००डीचा पडदा उघडून वळतो, कॅमेरा जमिनीला टेकवून लाइव्ह व्ह्यूमध्ये पडद्यावर बोट लावलं की फोकस आणि क्लिक दोन्ही. बॅटरी मात्र व्ह्यूफाइंडरच्या निम्म्याहूनही लवकर संपते, दोन जादा घ्या.

आणि रॉचा (मोठ्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलचा) हट्ट धरून धडाधड बर्स्ट मारू नका. या कॅमेऱ्यात रॉच्या पाच-सहा फ्रेममध्ये बफर (तात्पुरती मेमरी) भरतो आणि मग नेमक्या क्षणी कॅमेरा विचारात पडतो.

---

सडेगावकर

एफ_आठ, एका दिवसापुरतं पटतं. पण चापड्यापाशी १८-५५ घेऊन जायचा सल्ला कुणालाच देऊ नका. चापडा विषारी आहे आणि दबा धरून एकाच फांदीवर दिवसचे दिवस बसतो, म्हणून तो "सोपा" वाटतो. किमान दीड मीटर अंतर, आणि तिथे २५० च लागते.

पाणपोई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "शिस्त असते" असंच आहे, नशिबाचा भाग बराच कमी.

सगळ्यात आधी वेग. अर्ध्या तासात शंभर मीटर, त्याहून जास्त नाही. तुम्ही चालत असता तेव्हा तुमच्या आसपासचं सगळं दबकलेलं असतं. एका जागी उभं राहिल्यावर पहिली पाच मिनिटं काहीच घडत नाही, मग बेडूक पुन्हा बोलू लागतो, मग पानाखालचा कोळी जाग्यावर येतो. बहुतेक लोक चौथ्या मिनिटाला पुढे निघतात. वीस मिनिटं थांबा आणि त्या वेळात तीन उंचीवर नजर फिरवा: घोटा, कंबर आणि डोक्याच्या वर. माणूस आपसूक छातीच्या उंचीवरच बघत राहतो. ग्लायडिंग फ्रॉगची फेसाची घरटी मात्र पाण्यावर झुकलेल्या पानांवर, बहुधा डोक्याच्या वर असतात. पिल्लं खाली थेट पाण्यात पडावीत म्हणून. तेव्हा फेस दिसला की खालचं डबकंही बघा, आणि डबकं दिसलं की वर बघा.

हेच उलटसुलट बघणं सगळीकडे लागू पडतं. प्राणी शोधू नका, त्याची जागा शोधा. लिंबाच्या जातीचं झाड किंवा कढीपत्ता दिसला की कोवळ्या पानावर पक्ष्याच्या शिटेसारखं काही आहे का बघा. लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन यांच्या लहान अळ्या तशाच दिसतात. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, म्हणजे नीलवंत, हेही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. रुईवर प्लेन टायगर. आंब्यावरच्या बांडगुळावर कॉमन जेझेबेल. पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची रांग दिसली तर तिच्यातल्या एखाद्या "मुंगी"चे पाय नीट मोजा. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालणारा, आठ पायांचा तो मुंगीसारखा दिसणारा कोळी असू शकतो. खात्री करायची सोपी खूण: जरा दचकला की धागा सोडून खाली लोंबकळतो. मुंगी तसं करत नाही.

माणसांच्या वस्तू सोडू नका. रस्त्याचे दगडी कठडे, मैलाचे दगड, गळके नळ. मुक्कामाच्या व्हरांड्यात रात्रभर दिवा असेल तर पहाटे सहाच्या आत ती भिंत बघा. पतंग बसलेले असतात आणि उजाडलं की दयाळ, बुलबुल येऊन नाश्ता उरकतात. याच्यासाठी पायपीट शून्य आणि जातींची संख्या थक्क करणारी.

सडा. जुलैत फुलांसाठी जाऊ नका. गेंद, तेरडा, सीतेची आसवं यांचा खरा बहर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. जुलैत बघायची ती जांभ्यातली उथळ डबकी. इंचभर पाण्यात फेअरी श्रिंप (कोळंबीसारखे बारीक जीव) पाठीवर उलटे पोहताना दिसू शकतात. त्यांची अंडी अख्खा उन्हाळा कोरड्या डबक्यात तग धरतात. पाण्यावरच्या आकाशाच्या चकाकीमुळे आतलं दिसत नाही म्हणून लोक ओलांडून जातात. पोलरायझर लावा, पाण्याच्या पातळीपासून ३५-४० अंशांच्या कोनातून बघा आणि रिंग फिरवा. चकाकी जवळजवळ पुसली जाते. दीड-दोन स्टॉप उजेड जातो, सड्यावर तो परवडतो. डबक्यात पाय नको, आणि डास-मलम लावलेला हात तर अजिबात नको. बेडकांची कातडी पाण्यातलं सगळं शोषून घेते.

दगड उलटायचे नाहीत. कोकणातल्या सड्यावर फुरसं दगडाखालीच असतं, हा एक मुद्दा. दुसरा असा की दगडाखालचा ओलावा आणि काळोख एकदा मोडला की दगड परत ठेवूनही तो तसाच जुळत नाही. बेडूक उचलून "चांगल्या" पानावर ठेवण्याबद्दल तर वेगळं बोलायलाच नको. आठ सारख्या फोटोंमागे बरेचदा हेच कारण असतं. अशा फोटोत पान एका झाडाचं असतं आणि बेडूक दुसऱ्याच जागचा, आणि जाणत्याला ते लगेच कळतं.

---

टॉर्चबंद

रात्रीचं राहिलं, म्हणून.

डोक्यावरचा टॉर्च धुक्यात कुचकामी. प्रकाश डोळ्यांसमोरच परततो आणि पांढरी भिंत उभी राहते. टॉर्च हातात, कमरेच्या खाली आणि बाजूला धरा. कोळी शोधायचे असतील तेव्हाच तो डोळ्याशेजारी न्या. लांडगा-कोळ्यांच्या डोळ्यांतून हिरवट-निळी ठिणगी थेट तुमच्याकडे परत येते, दहा मीटरवरूनही. दवाचा थेंबही चमकतो, पण तुम्ही बाजूला सरकलात की त्याचा रंग बदलतो. कोळ्याचा डोळा नुसता विझतो.

फ्लॅशही लेन्सच्या नाकावर नको. पावसाचे थेंब चकत्यांसारखे पांढरे येतात ते त्यामुळे. ब्रॅकेटवर किंवा वायरने बाजूला काढा, वरून ४५ अंशांत. बेडकाची कातडी ओली असते, लहान फ्लॅशचा त्यावर एकच जळका ठिपका पडतो. पॅकिंगचा पांढरा फोम मिळतो ना, दोन-तीन मिमी जाडीचा, त्याचा साधारण २० बाय २५ सेमीचा तुकडा फ्लॅशपुढे वाकवून लावा आणि त्याची पुढची कड जीवाच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. डिफ्यूजर मोठा असून लांब असेल तर काही उपयोग नाही; बेडकाच्या जागेवरून तो केवढा दिसतो हे महत्त्वाचं.

आवाजावरून शोधताना: झुडपी बेडूक कमरेएवढ्या-छातीएवढ्या पानांवर बसून ओरडतात आणि आवाज भलतीकडून आल्यासारखा वाटतो. एका जागेवरून बोटाने दिशा धरा, तीन-चार मीटर बाजूला सरकून पुन्हा धरा. दोन रेषा जिथे छेदतात तिथेच टॉर्च लावा. पाय वाजला की गप्प होईल. टॉर्च बंद करून थांबा.

टॉर्च बंद करण्याचा दुसरा फायदा म्हणजे चमकणारी बुरशी. भर पावसाळ्यात, कुजक्या ओल्या लाकडावर आणि पालापाचोळ्यात. सह्याद्रीत भीमाशंकरपासून खाली ती आढळते, पण टॉर्च घेऊन शोधली तर कधीच सापडत नाही. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उघडला की गणती पुन्हा पहिल्यापासून. सापडली तर: ट्रायपॉड, टॉर्चच्या उजेडात फोकस करून मग फोकस मॅन्युअलवर, एफ/४, आयएसओ ३२००, दोन ते चार मिनिटं. २००डी ३० सेकंदांच्या पुढे बल्ब मोडवरच (शटर हवं तितका वेळ उघडं) जातो, तेव्हा वायरचा रिमोट लागेल. अभयारण्याच्या हद्दीत मात्र वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय पाय टाकायचा नाही. दिवसाच्या प्रवेशालाही नियम आहेत, रात्रीचं तर विचारूच नका. गावाची देवराई असेल तर आधी गावात विचारा.

गुडघा टेकण्याआधी जमीन बघा. नेहमी. आणि गमबूट.

---

पाणपोई

खूप आभार. भिंतीवरचे पतंग आणि वर-खाली बघण्याची पद्धत, दोन्ही सुटलेलं होतं.

एक शंका. यादी नाही म्हणजे बऱ्याच गोष्टी अनोळखी दिसणार. अशा वेळी फोटो कसा काढावा की नंतर ओळखता येईल? नेहमीचा एक सुंदर कोन मिळतो आणि जाणकार म्हणतात, "यावरून सांगता येत नाही".

---

नोंदवही

याचं उत्तर एका ओळीत: आधी नोंद, मग नक्षी.

दिसलं की जिथे आहात तिथून, जशी सेटिंग आहे तशीच तीन फ्रेम. मग एक पाऊल पुढे, पुन्हा तीन. सुंदर कोन शेवटी. पहिल्या फ्रेम वाईटच येतात, पण जीव दुसऱ्या पावलाला उडाला तर हाती तेवढंच असतं.

ओळखीला काय लागतं ते गटागणिक वेगळं. बेडूक: पूर्ण पाठ वरून, एक बाजू ज्यात कानाचा पडदा आणि डोळ्यामागची घडी दिसेल, आणि पायाची बोटं, त्यांच्यातला पडदा व टोकाच्या चकत्या. हात न लावता मिळेल तेवढंच. बोलत असेल तर मोबाइलवर मिनिटभर आवाज. झुडपी बेडकांत फोटोपेक्षा आवाज जास्त सांगतो. फुलपाखरू: पंखांची खालची बाजू, ती नसेल तर निळ्या (ब्लू) फुलपाखरांच्या कुळात काही खरं नाही. पतंग: पंख पसरलेला थेट वरून. वनस्पती: फूल समोरून आणि बाजूने, देठाशी असलेली हिरवी पाकळी, पानाची खालची बाजू, पानं समोरासमोर आहेत की आलटून पालटून, आणि अख्खं झाड त्याच्या जागेत. कोळी: डोळ्यांची मांडणी समोरून, पाठ, आणि जाळं असेल तर जाळं वेगळं. मोजमापासाठी जवळ पट्टी ठेवू नका, जीव पळतो. तो गेल्यावर त्याच पानाचा, त्याच झूम आणि अंतरावर, पट्टीसकट फोटो घ्या.

कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्याआधी मोबाइलशी जुळवा. प्रत्येक जागी मोबाइलने एक फोटो काढला की जागेची नोंद त्यातून मिळते. फील्डवर काहीही डिलीट करू नका. घरी शंभर टक्क्यांवर उघडून कडा बघा. फुलाच्या फोटोत कोपऱ्यातला खेकडा-कोळी, पानाच्या फोटोत अंड्यांचा पुंजका, असं नेहमी निघतं.

आणि अनोळखी म्हणजे आपलंच अज्ञान असं प्रत्येक वेळी धरू नका. हिमाचलातल्या चंबा भागात २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एका विद्यार्थ्याने घराजवळच्या सापाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. तो अभ्यासकांच्या नजरेस पडला आणि २०२१ मध्ये ऑलिगोडॉन चुराहेन्सिस ही नवी जात जाहीर झाली. मलेशियातली सेमाक्रायसा जेड ही जाळीदार पंखांची कीड फ्लिकरवरच्या फोटोतून ओळखली गेली, २०१२ मध्ये. खुद्द आंबोलीत, हिरण्यकेशीच्या देवळापुढच्या ज्या कुंडाकडे सगळेच पर्यटक बघून जातात, त्यातला मासा शिस्टुरा हिरण्यकेशी या नावाने २०२० मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आंबोली टोडलाही स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं ते २००९ मध्ये. म्हणजे तुमच्या यादीतली एक वस्तू त्याआधीच्या यादीत असणंच शक्य नव्हतं.

आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदींच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर जागेची खासगी सेटिंग "धूसर" ठेवा. धोक्यातल्या बऱ्याच जातींचं ते आपोआप करतं, आणि जागा साधारण ०.२ अंशाच्या, म्हणजे वीस-बावीस किमीच्या चौकोनात कुठेतरी दाखवतं. अनोळखी जीवाचं ते आपोआप कसं करणार? तिथे तुम्हीच करा. फेसबुकवर "अमुक पॉइंटच्या डाव्या वळणावर" असं लिहू नका, आठवड्याभरात त्या झुडपाची पायवाट होते.

---

एफ_आठ

ओळखीच्या फोटोंवरून वाढवतो. "नक्षी"साठी शेवटी जो वेळ उरतो त्यात निदान एक फ्रेम अशी काढा ज्यात जीव चौकटीच्या एक-दशांशाहून लहान असेल. ग्लायडिंग फ्रॉगचे क्लोजअप इंटरनेटवर पोत्याने आहेत. तो ज्या डबक्यावर बसलाय ते डबकं, बाजूचा रस्ता आणि गाडीचा लाल दिवा यांचे फार थोडे.

---

भिंगवाला

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून पुन्हा मीच.

आंबोलीत मोठी काळी छत्री हेच सर्वोत्तम रेनकव्हर. एका हातात छत्री आली की कॅमेरा दुसऱ्या हातात डळमळतो, म्हणून दांडा पाठपिशवीच्या खांद्याच्या पट्ट्यात आणि छातीच्या पट्ट्यात अडकवा. दोन्ही हात मोकळे. वारा असेल तर हा बेत सोडून द्या, छत्री उलटली की तिची काडी लेन्सवर येते. त्याऐवजी जाड पारदर्शक पिशवी, हूडभोवती रबरबँड आणि मागून हात घालायला उघडी. हूड नेहमी लावलेला, पण लेन्स वर तोंड करून कधीच नाही.

पुसायला मायक्रोफायबर एकदा भिजलं की पाणी नुसतं पसरवतं. जुने धुतलेले सुती रुमाल पाच-सहा, प्रत्येक वेगळ्या झिपलॉकमध्ये. आधी टिपायचं, मग पुसायचं. भिंग आणि लेन्स यांच्या मध्ये वाफ धरते ती बाहेरून दिसत नाही, फोटो मात्र दुधट येतात. दर तासाला भिंग काढून तपासा.

एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून थेट बाहेर काढाल तर समोरची काच लगेच धुकटते, आणि कधी आतलीही. निघण्याआधी कॅमेरा बंद झिपलॉकमध्ये ठेवून बाहेरच्या हवेत अर्धा-पाऊण तास राहू द्या, मग उघडा. सोपा उपाय: एसी लावूच नका. बाहेर, पावसात लेन्स बदलायची नाही. दिवसाला एकच लेन्स, त्या बाबतीत एफ_आठशी सहमत.

रात्री खोलीत हवाबंद डब्यात सिलिका जेल. पाच-दहा ग्रॅमच्या पुड्यांनी काही होत नाही, दहा लिटरच्या डब्याला निदान दोनशे ग्रॅम घ्या, आणि त्यात एक छोटा हायग्रोमीटर. ४० ते ५० टक्के आर्द्रता ठीक. ६० च्या वर बुरशीला रान मोकळं, आणि अगदी ३० च्या खाली दिवसेंदिवस ठेवलं तर रबर आणि आतलं वंगण सुकतं. नारिंगी जेलचा रंग उतरला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास. ओला कॅमेरा तसाच डब्यात कोंबू नका. आधी पंख्याखाली तासभर, बॅटरी आणि कार्ड काढून, झाकणं उघडी ठेवून. झूम पूर्ण बाहेर काढून नळीवरचं पाणी टिपल्याशिवाय आत ढकललीत तर ते पाणी थेट लेन्सच्या पोटात जातं. ५५-२५० च्या बाबतीत तर हे दर वेळी.

---

पाणपोई

छत्री, गमबूट, फोम, सुती रुमाल आणि जादा बॅटऱ्या घेतोय. यादी नको म्हणता म्हणता ही एक झालीच :)

पहिला दिवस फक्त १८-५५ लावून काढणार. पोलरायझर ५८ मिमीचा आहे, ५५-२५० ला बसतो. १८-५५ ला चालेल का?

---

भिंगवाला

लेन्सच्या टोपणाच्या आत किंवा पुढच्या कडेवर गोलाला रेघ असलेल्या खुणेपुढे आकडा असतो, तो बघा. २००डीबरोबर येणाऱ्या दोन १८-५५ पैकी जुनी एफ/३.५-५.६ वाली ५८ ची आणि नवी एफ/४-५.६ वालीही ५८ चीच. दोन्हींना चालेल. १८ ला कोपरे काळे दिसले तर खाली यूव्ही फिल्टर राहिलाय, तो काढा.